रेघ की कचरा? जुन्या अ‍ॅनिमेशनपटांच्या घरगुती प्रतींची पार्श्वभूमी

ठाण्यात किंवा वाशीत माळ्यावरच्या व्हीएचएस कॅसेटी खाली काढल्या, तर बऱ्याच टेपांच्या कडेला पांढरी भुकटी दिसते. ती बुरशी. खाडीकाठची दमट हवा तिला मानवते. अशी कॅसेट तशीच प्लेयरमध्ये घालू नये. भुकटी प्लेयरमधल्या फिरत्या ड्रमवर बसते, टेप वाचणारी हेड तुंबतात आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागण होते.

आपल्याकडे अ‍ॅनिमेशनपट घरात आले ते व्हिडिओ लायब्ररीच्या भाड्याच्या कॅसेटींतून. मग व्हीसीडी आली. चित्र जेमतेम ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं आणि एका डिस्कवर ७४ मिनिटं, म्हणून चित्रपट दोन डिस्कांत. सपाट रंग तिला झेपत, पण काळ्या रेघेभोवती डास घोंगावल्यासारखे ठिपके उठत. पुढे मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा भाड्याने आणण्यात काही अर्थ उरला नाही.

तिकडे परदेशात मूळ फिल्म दुरुस्त करण्याचं तंत्र बदलत होतं. १९३७चा ‘स्नो व्हाइट’ १९९३मध्ये कोडॅकच्या सिनिऑन यंत्रणेवर पूर्ण डिजिटल करून साफ केला गेला. त्या काळच्या टेक्निकलर (रंगीत फिल्मची एक पद्धत) अ‍ॅनिमेशनची निगेटिव्ह कृष्णधवल असे. प्रत्येक चित्र लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून लागोपाठ तीनदा टिपायचं, म्हणजे फिल्म तिप्पट लांब. त्यात रंगद्रव्यच नसल्याने रंग उडायचा प्रश्न नाही. धूळ कुठली, हेही कळतं: तीनपैकी एकाच फ्रेमवर बसलेला कण पडद्यावर रंगीत ठिपका होतो, तर चित्रीकरणावेळी सेलवरच, म्हणजे चित्र रंगवलेल्या पारदर्शक पत्र्यावरच, असलेला कण तिन्हींत उतरतो.

खरी गोची स्वयंचलित सफाईची. सॉफ्टवेअर मागची-पुढची फ्रेम ताडून पाहतं आणि एकाच फ्रेममध्ये दिसणारी गोष्ट कचरा धरतं. एक चित्र दोन फ्रेम ठेवलेलं असेल तर निभावतं. पण झटक्याची हालचाल दर फ्रेमला नवं चित्र काढून केलेली असते; तिथे बोटं, मिशा, वेगाच्या रेघा पुसल्या जातात. ग्रेन, म्हणजे फिल्मचे बारीक कण, घालवायच्या नादात पेन्सिलीचा खरखरीतपणाही जातो. १९६०च्या सुमारास डिस्नेने झेरॉक्सने सेलवर रेघ उतरवायला घेतली, त्या चित्रपटांचं सौंदर्यच त्या खरखरीत रेघेत आहे. गुळगुळीत प्रतीपेक्षा चार ठिपके असलेली प्रत कधीही बरी.

कॅसेटीत चित्रापेक्षा आवाज मोलाचा. राम मोहन आणि युगो साको यांचा भारत-जपान ‘रामायण’ २४ जानेवारी २०२५ला फोर-केमध्ये चित्रपटगृहांत आला, पण नव्या हिंदी आवाजांत. अरुण गोविल, अमरीश पुरी आणि शत्रुघ्न सिन्हा यांचं जुनं डबिंग ऐकायचं तर जुन्या ध्वनिमुद्रणाकडेच वळावं लागतं.

ते नव्या चित्राला जोडताना वेग आधी तपासावा. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा, आपल्याकडची जुनी टीव्ही पद्धत, पाल, २५ची. वेग वाढवून उतरवलेला १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो आणि आवाज किंचित चढा लागतो. अशा आवाजाचा वेग ९६ टक्क्यांवर आणावा, नाहीतर पहिल्याच मिनिटात २.४ सेकंदांची तफावत पडते. टीव्हीवरून टेप केलेलं असेल तर जाहिरातींपाशी काटछाट असते. तिथे प्रत्येक तुकडा वेगळा बसवावा लागतो.