'अपहरणाचा गुन्हा दाखल' म्हणजे टोळी आली असं नव्हे

"पोलिसांनीच अपहरणाचा गुन्हा नोंदवलाय, म्हणजे मुलं पळवणारी टोळी फिरतेय." हा मेसेज अधूनमधून डोकं वर काढतोच. त्यातलं पहिलं वाक्य बहुधा खरं असतं, दुसरं त्यातून निघत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या 2013च्या आदेशानुसार 18 वर्षांखालचं मूल हरवलं की अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून एफआयआर घ्यावाच लागतो. 24 तास थांबायची अट नाही. कलम पूर्वी भारतीय दंड संहितेचं 363, आता भारतीय न्याय संहितेचं 137(2). आरोपी 'अज्ञात इसम'. रुसून मामाकडे गेलेल्या पोराचीही नोंद अशीच होते. गुन्हा घडला असं गृहीत धरतात, समोरचा अनोळखी माणूस गुन्हेगार आहे असं नव्हे.

1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे असल्याच्या संशयावरून पाच भिक्षेकऱ्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. त्या वर्षी फिरलेला, मोटरसायकलवरून मूल उचलल्याचा व्हिडिओ मुळात कराचीतल्या जनजागृतीपटाचा. मूल परत सोडतात तो शेवट कापलेला!

संशय आलाच तर 112 (आपत्कालीन मदत) किंवा 1098 (बाल हेल्पलाइन) लावा. कपडे, वेळ, ठिकाण, गाडीचा नंबर पोलिसांना सांगा. त्या माणसाचा फोटो मात्र ग्रुपवर टाकू नका.