ॲनिमेशनपटांचे सिक्वेल

लहानथोरांनी एकत्र बसून पाहिलेल्या आणि मनात घर केलेल्या ॲनिमेशनपटाचा पुढचा भाग म्हणजे त्याचा सिक्वेल. पात्रे तीच, जग तेच, आणि गोष्ट बहुधा पहिल्या भागानंतरची. आधीची गोष्ट सांगणाऱ्या चित्रपटाला प्रिक्वेल म्हणतात. 'मॉन्स्टर्स युनिव्हर्सिटी' (२०१३) हा त्याचा परिचित नमुना. दुसऱ्या भागाला पहिल्याची सर येते का, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असेच आहे. पण ज्या मोजक्या चित्रपटांना ती आली, त्यांनी एक गोष्ट सारखी केलेली दिसते. पहिल्या भागाने मिटवलेला प्रश्न त्यांनी पुन्हा उकरून काढला नाही. त्या शेवटाच्या पोटातच दडलेला पुढचा प्रश्न त्यांनी शोधला.

हे सोपे नाही. कौटुंबिक ॲनिमेशनपटाची गोष्ट मुळात पूर्ण मिटण्यासाठीच रचलेली असते. हरवलेले पिल्लू बापाला सापडते, शाप उतरतो, राज्य परत मिळते. मुलाला झोपण्यापूर्वी ऐकवलेल्या गोष्टीसारखा तिचा शेवट पक्का असतो. त्यानंतर पुन्हा तेच पिल्लू हरवले, तर पाहणाऱ्याला पहिल्या सुखावरच शंका येऊ लागते.

व्हिडिओ कॅसेटचा काळ

डिस्नेच्या स्टुडिओने कित्येक दशके सिक्वेलच्या वाटेला जाणे टाळले. त्यांचा चित्रपटगृहांत प्रदर्शित झालेला पहिला ॲनिमेटेड सिक्वेल म्हणजे 'द रेस्क्यूअर्स डाउन अंडर' (१९९०). मूळ 'द रेस्क्यूअर्स' १९७७चा. रंगभरणी आणि चित्रांची जुळणी पूर्णपणे संगणकावर झालेला हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट, आणि त्यातले गरुडाच्या पाठीवरून घेतलेले उड्डाण आजही डोळ्यांचे पारणे फेडते. तिकीटबारीवर मात्र त्याचे काही चालले नाही.

वाट बदलली ती १९९४ मध्ये. 'अलादीन'चा पुढचा भाग 'द रिटर्न ऑफ जाफर' चित्रपटगृहांत न जाता थेट व्हिडिओ कॅसेटवर आला. तो दूरचित्रवाणी मालिका करणाऱ्या विभागाने कमी खर्चात बनवला होता. जिनीचा आवाज रॉबिन विल्यम्स यांच्याऐवजी डॅन कॅस्टेलानेटा यांनी दिला. कॅसेट तडाखेबंद खपली आणि मग रांगच लागली: 'द लायन किंग २' (१९९८), 'द लिटल मर्मेड २' (२०००), 'सिंड्रेला २' (२००२). दुसरीकडे, 'द लँड बिफोर टाइम' (१९८८) या डायनासोरच्या पिल्लांच्या चित्रपटाचे १९९४ ते २०१६ या काळात थेट घरी पाहण्यासाठी १३ पुढचे भाग निघाले. मूळ दिग्दर्शक डॉन ब्लूथ यांचा त्यांतल्या एकाशीही संबंध नव्हता.

या काळातल्या लेखकांनी एक युक्ती वारंवार वापरली: नायकाची पुढची पिढी घ्यायची आणि मूळ गोष्ट उलटी करायची. जलपरी एरियलला जमिनीची ओढ होती, तर तिच्या मुलीला समुद्राची. खलनायिकेची जागा तिच्या बहिणीने घेतली. कागदावर हे चपखल बसते, पण उलट्या केलेल्या गोष्टीला स्वतःचा जीव क्वचितच असतो. 'सिंड्रेला २' तर तीन सुट्या गोष्टींची मोळी आहे. एखाद्या मालिकेचे तीन भाग लागोपाठ दाखवावेत तशी.

या साऱ्यांत 'बॅम्बी २' (२००६) वेगळा काढून पाहायला हवा, कारण त्याची चूक खूप काही शिकवते. मूळ 'बॅम्बी' १९४२चा. त्यात पाडसाची आई बंदुकीच्या आवाजाआड पडद्याबाहेरच जाते. पाडस बर्फात तिला हाका मारत फिरते. समोर भलाथोरला काळवंडलेला बाप उभा राहतो, आई आता तुझ्यासोबत नसेल एवढेच सांगतो आणि चालू लागतो. पाडस मागे वळून पाहते, बर्फ दोघांना झाकून टाकतो. पुढच्याच दृश्यात वसंत आणि पाखरांचे गाणे. मध्ये काय घडले, त्या पोरक्या पाडसाने ते दिवस कसे काढले, हे चित्रपट सांगत नाही. ते न सांगणे हेच त्याचे मोठेपण आहे. ती पोकळी प्रत्येक मूल आपापल्या परीने भरते. ६४ वर्षांनी आलेला दुसरा भाग नेमका त्या पोकळीतच बसवलेला आहे. बाप आणि पाडस यांची जवळीक त्यात मायेने रेखाटली आहे, चित्रेही देखणी आहेत. तरीही पहिल्या भागाने राखलेले मौन तो बोलून टाकतो.

२००६ मध्ये डिस्नेने पिक्सार ही 'टॉय स्टोरी' बनवणारी ॲनिमेशन कंपनी विकत घेतली. सर्जनशील सूत्रे पिक्सारचे दिग्दर्शक जॉन लॅसेटर यांच्याकडे आल्यावर अशा व्हिडिओ सिक्वेलची चाल थांबवण्यात आली.

'टॉय स्टोरी २'

गंमत म्हणजे या प्रकारातला सर्वांत गाजलेला चित्रपटही आधी थेट व्हिडिओसाठीच ठरला होता. 'टॉय स्टोरी' (१९९५) हा संपूर्णपणे संगणकावर बनलेला पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट. त्याच्या तासाभराच्या स्वस्त सिक्वेलचे काम सुरू झाले, मग तो चित्रपटगृहांसाठी करायचे ठरले. १९९८ मध्ये एका चुकीच्या आज्ञेने संगणकावरच्या त्याच्या फायली धडाधड पुसल्या जाऊ लागल्या आणि राखीव प्रतही नीट निघाली नाही. बाळंतपणामुळे घरून काम करणाऱ्या पर्यवेक्षक तांत्रिक दिग्दर्शिका गॅलिन सुसमन यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती, ती आणून चित्रपट वाचवला गेला. हा किस्सा सगळीकडे सांगितला जातो. त्याचा पुढचा भाग मात्र कमी जणांना ठाऊक असतो: वाचवलेला तो चित्रपट पुरेसा चांगला नाही, असे पिक्सारच्याच लोकांचे मत झाले. लॅसेटर यांनी सूत्रे हाती घेतली, गोष्ट नव्याने रचली, आणि बराचसा चित्रपट सुमारे नऊ महिन्यांत पुन्हा केला. त्या घाईत कामगारांच्या हातांवर आणि मनगटांवर जो ताण आला, त्याची किंमतही इथे नोंदवायला हवी. चांगल्या सिक्वेलचे श्रेय देताना ती विसरली जाते.

नव्या गोष्टीत काय होते? या चित्रपटांत खेळणी जिवंत असतात. पहिल्या भागात त्यांतल्या जुन्या खेळण्याचा प्रश्न होता: नवे खेळणे आले तर माझी जागा कोणती? तो सुटला होता. दुसऱ्याने विचारले: मूल मोठे झाल्यावर माझे काय? हा प्रश्न पहिल्या भागात सुप्तपणे होताच, पण कोणी उच्चारला नव्हता.

तो विचारला जातो जेसी या गुराखी बाहुलीच्या आठवणीतून. संवाद नाही, रँडी न्यूमन यांचे एक गाणे फक्त, सारा मॅकलाक्लन यांच्या आवाजात. एमिली नावाची मुलगी जेसीला घेऊन टायरच्या झोक्यावर झुलते. मग खोलीतल्या वस्तू बदलू लागतात, नखांना रंग लागतो, मैत्रिणी येतात, आणि जेसी पलंगाखाली घरंगळते. वर्षे जातात. एके दिवशी हात आत येतो, जेसीला उचलतो, ती पुन्हा एमिलीसोबत गाडीतून निघते. चेहऱ्यावर विश्वास न बसणारा आनंद. गाडी थांबते ती जुन्या वस्तू दान करण्याच्या खोक्याशी. खोक्याच्या फटीतून जेसी दूर जाणारी गाडी पाहत राहते. जेमतेम तीन मिनिटांत हे सारे घडते. पहिल्या भागात या उंचीचे एकही दृश्य नाही, असे ठामपणे म्हणता येईल.

या बीजाचे फळ 'टॉय स्टोरी ३' (२०१०) मध्ये आले. खेळण्यांचा मालक अँडी १७ वर्षांचा झाला आहे, कॉलेजला निघाला आहे. १९९५ मध्ये ज्यांनी पहिला भाग पाहिला ती मुलेही तोवर मोठी झाली होती. पडद्यावरचे घड्याळ आणि प्रेक्षकांचे घड्याळ इतके जुळल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. तिथे थांबायला हवे होते, असे अनेकांना वाटते. 'टॉय स्टोरी ४' (२०१९) सुबक आहे, वुडी या गुराखी बाहुल्याला अँडीशिवायचे आयुष्य देण्याचे धाडसही त्यात आहे, पण निरोप एकदाच लागतो.

वय वाढू देणे

चित्रातले पात्र आपोआप मोठे होत नाही. 'फाइंडिंग नेमो' (२००३) आणि 'फाइंडिंग डोरी' (२०१६) यांच्यात १३ वर्षांचे अंतर, गोष्टीत मात्र जेमतेम एक वर्ष सरलेले. नेमोचा मूळ आवाज असलेला मुलगा तोवर मोठा झाला होता, म्हणून नवा आवाज शोधावा लागला. 'द इन्क्रेडिबल्स'चा दुसरा भाग १४ वर्षांनी, २०१८ मध्ये आला आणि पहिला जिथे थांबला त्याच क्षणी सुरू झाला. दिग्दर्शक ब्रॅड बर्ड यांनी वये तशीच ठेवून जागा बदलल्या: आई कामावर, बाबा घरी. महाबलवान बाबांची मुलाच्या गणितापुढे त्रेधा उडते, कारण ते सोडवण्याची रीतच बदललेली; मग रात्री जागून ते स्वतः धडा समजून घेतात. खलनायकाचे कथानक विस्मरणात जाते, हे दृश्य जात नाही.

याउलट 'हाउ टू ट्रेन युअर ड्रॅगन'च्या दुसऱ्या भागात (२०१४) नायक हिकप १५चा २० वर्षांचा झाला आहे. पहिल्या भागात गमावलेल्या पायाच्या जागी त्याने स्वतःच्या हाताने बनवलेला पाय आहे, आणि तो त्याच्या रोजच्या वावराचा भाग झाला आहे. बापाचा मृत्यूही त्याच्या लाडक्या ड्रॅगनकडूनच होतो. 'इन्साइड आउट २' (२०२४) मधली रायली ११ची १३ झाली आहे आणि तिच्या डोक्यात चिंतेने मुक्काम ठोकला आहे. खेळातून बाहेर काढल्यावर ती बाकावर एकटी बसते, श्वास लागतो, छाती धडधडते. या चित्रपटांत तिच्या डोक्यातल्या भावना हीच पात्रे आहेत; पहिल्या भागात दुःखाला जागा द्यायला शिकलेल्या आनंदालाच आता आपला ताबा सोडायला शिकावे लागते.

'कार्स २' (२०११) कडे मात्र विचारण्यासारखे काहीच नव्हते. विनोदी जोडीदाराला नायक करून हेरकथेत ढकलले, आणि समीक्षकांनी पिक्सारच्या चित्रपटाला प्रथमच मोठ्या प्रमाणावर नाकारले.

आकडे आणि पुरस्कार

तिकीटबारीचा निकाल वेगळाच लागतो. 'श्रेक'ने (२००१) सुमारे ४८ कोटी डॉलर मिळवले, दुसऱ्या भागाने (२००४) ९० कोटींच्या वर. 'फ्रोझन'ने (२०१३) सुमारे १२८ कोटी, 'फ्रोझन २'ने (२०१९) सुमारे १४५ कोटी. आधी मालिका म्हणून सुरू झालेला 'मोआना २' (२०२४) १०० कोटींपलीकडे गेला. चीनच्या 'नेझा २'ने (२०२५) २०० कोटी ओलांडून ॲनिमेशनपटांच्या कमाईचा विक्रम केला. सिक्वेलच्या पहिल्या आठवड्याची गर्दी मुळात पहिल्या भागावरच्या प्रेमाची असते, त्यामुळे गुणवत्तेचा दाखला म्हणून हे आकडे फारसे उपयोगाचे नाहीत. ऑस्करमध्ये पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटाचा स्वतंत्र पुरस्कार २००१ सालच्या चित्रपटांपासून सुरू झाला. २०२४ सालच्या चित्रपटांपर्यंत तो क्रमांक लावून आलेल्या दोनच सिक्वेलना मिळाला, आणि ते दोन्ही 'टॉय स्टोरी'चेच.

सिक्वेल न करणे

जपानचे हायाओ मियाझाकी यांनी आपल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटांचे पुढचे भाग काढले नाहीत. 'माय नेबर टोटोरो' (१९८८) इतका लोकप्रिय झाला की टोटोरो मियाझाकींच्या स्टुडिओ घिब्लीचे बोधचिन्हच बनला, तरी दुसरा भाग आला नाही. आला तो २००२ मध्ये एक लघुपट, मिताका इथल्या घिब्ली संग्रहालयात दाखवण्यासाठी केलेला. त्यात मूळ चित्रपटातल्या धाकट्या मेईला वावटळीसारखे भिरभिरणारे, मांजराच्या रूपातल्या बसचे एक छोटेसे पिल्लू भेटते. ती त्याला आपल्याजवळची खाऊची गोळी देते आणि रात्री त्याच्यात बसून रानात जाते. कोणावर संकट येत नाही, कोणी हरवत नाही. त्याच्या नावात आकडाही नाही.