मागचे ब्रेक धरून राहणे

पॅडल सोडले, हँडब्रेक खाली केला, तरी मागच्या चाकांचे ब्रेक शू (चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमवर आतून दाबले जाणारे कमानीसारखे भाग) ड्रमपासून पुरते सुटत नाहीत, असा हा दोष. जीप, काळी-पिवळी, मारुती ८०० अशा ड्रम ब्रेकच्या जुन्या गाड्यांत तो नेहमीचा आहे. येथील विवेचन ऑइलवर चालणाऱ्या ब्रेकपुरते आहे. केळीच्या मोठ्या ट्रकांचे एअर ब्रेक हे वेगळे प्रकरण.

खानदेशात या दोषाला हवामान आणि सवय दोन्हींची साथ मिळते. पावसाळ्यात तापीकाठच्या काळ्या मातीचा चिखल ड्रम आणि बॅक प्लेट (ड्रममागची स्थिर चकती) यांच्या फटीतून आत जातो आणि वाळून घट्ट बसतो. शेतमालाचा हंगाम सरला की गाडी महिनोन् महिने खळ्यात उभी राहते; हँडब्रेक ओढून ओल्यात ठेवलेली असेल तर शूवरचा घर्षणाचा थर, म्हणजे लायनर, गंजाने ड्रमला चिकटतो. याच्या उलट, अनेक चालक हँडब्रेकला हातच लावत नाहीत, चाकामागे दगड लावून मोकळे होतात. न वापरलेली केबल नळीत गंजते, आणि एखाद्या दिवशी चाळीसगाव-कन्नड घाटात नाइलाजाने ओढली की परत येत नाही.

लक्षणे ओळखीची आहेत: न्यूट्रलमध्ये उतारावरही गाडी घरंगळत नाही, इंधन जास्त लागते, जळक्या लायनरचा वास येतो. कोणते चाक धरते हे कळण्यासाठी ब्रेक कमीत कमी वापरत काही किलोमीटर गाडी चालवावी आणि थांबल्यावर दोन्ही मागच्या ड्रमजवळ हात नेऊन उष्णता ताडावी. ड्रमला हात लावू नये. तुलना डाव्या-उजव्या चाकांचीच करावी, कारण पुढची चाके एरवीही जास्त तापतात. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात ही चाचणी पहाटे घेतलेली बरी. दुपारी उन्हाच्या बाजूचे चाक आधीच तापलेले असते आणि निर्दोष ब्रेकवर संशय जातो.

पुढची खरी तपासणी गाडी उचलून होते. सपाट जागेवर पुढच्या चाकांना दगड लावून, गिअर न्यूट्रल आणि हँडब्रेक खाली ठेवून मागचा ॲक्सल स्टँडवर घ्यावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. मागच्या चाकांना जोर देणाऱ्या जीपसारख्या गाडीत एक चाक फिरवले की डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरमुळे) दुसरे उलटे फिरते किंवा प्रोपेलर शाफ्ट फिरतो. ती ओढ ब्रेकची समजू नये. घरघर आणि चाकात खेळ असेल तर दोष बेअरिंगकडे जातो. चाक प्रत्येक फेऱ्यात एकाच ठिकाणी घासत असेल तर ड्रम अंडाकृती झालेला असू शकतो.

चाक सरसकट जड असेल तर आधी हँडब्रेकची केबल इक्वलायझरपाशी (दोन्ही चाकांच्या केबल जिथे जुळतात तिथे) सैल करावी. चाक सुटले तर दोष केबलचा किंवा लिव्हरचा. नाही सुटले तर शू दाबणाऱ्या व्हील सिलिंडरचे निपल (ऑइल व हवा बाहेर काढण्याचा स्क्रू) किंचित उघडावे. बऱ्याच गॅरेजांत ही पायरी गाळून थेट ड्रमवर हातोडा पडतो, पण निम्मे निदान इथेच होते. ऑइल जोराने उडून चाक मोकळे झाले तर दाब पाइपात अडकलेला आहे. चासीपासून ॲक्सलपर्यंत बहुधा एकच रबरी होज असतो आणि पुढे पाइप दोन्हीकडे फुटतो, म्हणून होज आतून फुगला की दोन्ही मागची चाके धरतात. बाहेरून तो धडधाकट दिसतो. पुन्हा ब्रेक दाबून दाब अडकू द्यावा आणि होजचा मास्टर सिलिंडरकडचा (पॅडलच्या जोराने ऑइल दाबणाऱ्या सिलिंडरकडचा) सांधा सैल करावा. तेव्हाही चाक सुटले नाही आणि निपल उघडल्यावरच सुटले, तर होज बदलावा. तोच सांधा सोडून चाके मोकळी झाली तर मास्टर सिलिंडर पाहावा: पॅडलपासून येणाऱ्या पुशरॉडला मोकळीक नसणे, ऑइल परत जाण्याचे बारीक छिद्र बुजणे किंवा रबरी कप फुगणे. कप फुगण्याचे कारण पुष्कळदा ब्रेक ऑइलमध्ये गेलेले इंजिन ऑइल किंवा डिझेलने धुतलेले सुटे भाग असते.

निपल उघडूनही चाक जडच राहिले तर अडचण ड्रमच्या आत आहे. शू आणि ड्रममधले अंतर राखणारा ॲडजस्टर सैल करून ड्रम काढावा. मलूल झालेली रिटर्न स्प्रिंग, गंजून बसलेला पिस्टन, हँडब्रेक लिव्हरची आखडलेली पिन, बॅक प्लेटवर शूच्या कडेने पडलेली खाच ज्यात शू अडकतो, किंवा नुसतीच गरजेपेक्षा जास्त केलेली ॲडजस्टमेंट, यांपैकी काहीतरी सापडते. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून धूळ हवेने उडवू नये. पाण्याने भिजवून पुसावी.

दोषी चाक एकच असले तरी लायनर दोन्ही बाजूंचे बदलतात, नाहीतर ब्रेक लावताना गाडी एकीकडे ओढते. ॲक्सल सील गळून लायनर तेलकट झाला असेल तर आधी सील, मग लायनर. धरलेल्या ब्रेकने घाट उतरणे सर्वांत धोक्याचे. नव्या डॉट ३ प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पण हवेतील ओल शोषल्यावर तो १४० अंशांच्या आसपास येतो. तापलेल्या सिलिंडरमध्ये असे ऑइल उकळले की वाफ होते आणि पॅडल थेट तळाला जाते.