जबाबदार गोमांस-खरेदी (खाद्यसेवा)

बर्गर-साखळ्या, हॉटेले, कॅन्टीन यांनी गोमांस घेताना जनावर कसे वाढवले, नेले आणि मारले याविषयीच्या अटी पुरवठादारावर घालण्याची पद्धत. येथे अमेरिकेतील व्यवहाराचा विचार केला आहे. (भारतीय व्यापारात ‘बीफ’ म्हणजे बहुधा म्हशीचे मांस. महाराष्ट्रात 2015पासून गायीबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे.)

जनावर मारण्यापूर्वी बेशुद्ध करावे, असा अमेरिकी कायदा 1958 साली झाला. 1978 साली तो सरकारी तपासणीखालच्या सगळ्या कत्तलखान्यांना लागू झाला. कोशर व हलाल पद्धतींना त्यातून सूट आहे. पाळला जातो की नाही हे मात्र निरीक्षकाच्या नजरेवर सोडलेले होते. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातील पशुशास्त्रज्ञ टेम्पल ग्रँडिन यांनी कायदा किती पाळला जातो याची मोजणी बसवली. 1999 साली मॅकडोनाल्ड्सने तिच्या आधारे आपले पुरवठादार तपासायला सुरुवात केली, आणि कायद्याला जमले नव्हते ते मोठे गिऱ्हाईक गमावण्याच्या भीतीने करून दाखवले.

मोठ्या कत्तलखान्यात ओळीने 100 जनावरे मोजतात. मूळ निकषांप्रमाणे बोल्ट-पिस्तुलाच्या (कपाळावर धातूचा दांडा आदळून बेशुद्ध करणाऱ्या हत्याराच्या) पहिल्याच फटक्यात किमान 95 बेशुद्ध व्हायला हवीत; हंबरणारी 3पेक्षा जास्त नकोत, पडणारे 1पेक्षा जास्त नको, विजेची टोचणी 25पेक्षा जास्त जनावरांना लागता कामा नये. साखळीला टांगलेले एकही जनावर शुद्धीवर असेल तर तपासणी तिथेच नापास. हंबरणे मोजण्यात मोठी अक्कल आहे: पाय घसरणे, टोचणी, हुकलेला फटका, मान जास्त आवळणे यांतले काहीही झाले तरी ते हंबरण्यात उमटते.

नापास होण्याची कारणे बहुतेक वेळा किरकोळ असतात. फटका हुकतो तो पिस्तूल रोज उघडून साफ न केल्याने, काडतुसे दमट झाल्याने किंवा चालवणारा थकल्याने. कत्तलीकडे नेणाऱ्या अरुंद गल्लीत जनावर अडते ते कुंपणावर टाकलेला रेनकोट, लोंबती साखळी, गटाराची जाळी किंवा ओल्या फरशीवरची चकाकी पाहून. दिवा हलवला, बाजूला पत्रा ठोकला की टोचणीची गरजच उरत नाही.

यात खरेदीदाराचा रोकडा फायदाही आहे. मारण्यापूर्वी बराच वेळ ताण सोसलेल्या जनावराच्या स्नायूंतला ग्लायकोजेन (साखरेचा साठा) संपतो, आम्लता पुरेशी तयार होत नाही, एरवी 5.4 ते 5.7 असणारा पीएच 6च्या आसपास किंवा वर राहतो. मांस काळपट, चिकट दिसते आणि लवकर खराब होते.

तपासणी कत्तलखान्यात भक्कम, गोठ्याकडे जावे तशी विरळ. पाकिटावरच्या शब्दांवर फार विसंबू नये: ‘नॅचरल’ हा शब्द मांसावर नंतर काय प्रक्रिया झाली याबद्दल आहे, जनावर कसे वाढवले याबद्दल नाही. ‘प्रतिजैविकांशिवाय’ ही अट घालताना आजारी जनावरावर उपचार करून ते दुसऱ्या बाजारात विकायची मुभा लिहून ठेवावी, नाहीतर उपचारच टाळले जातात.

सगळ्यांत अवघड माल खिमा. एका स्टेकचा माग काढता येतो. बर्गरच्या एका टिक्कीत मात्र अनेक जनावरांचे, कधी आयात केलेलेही, मांस असते. त्यातला कमी चरबीचा भाग पुष्कळदा दूध आटलेल्या डेअरी-गायींचा असतो, आणि लंगड्या, खंगलेल्या गायी याच वाटेने येतात. 2008 साली कॅलिफोर्नियातील एका कत्तलखान्यात उठू न शकणाऱ्या गायींना फोर्कलिफ्टने ढकलल्याचे चित्रण बाहेर आले आणि 14.3 कोटी पौंड मांस परत मागवावे लागले. बरेचसे तोवर खाऊन संपले होते. 2009 साली अशा गायींच्या कत्तलीवर पूर्ण बंदी आली. खिमा घेणाऱ्याच्या करारात डेअरी-गायींसाठी वेगळे कलम लागते ते यासाठी: लंगडी गाय अडवायची ती गाडीत चढवण्याआधी, कत्तलखान्याच्या दारात नव्हे.