टर्न नेमका कुठून कुठपर्यंत मोजायचा?

कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर किंवा मळ्यातल्या विहिरीत पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकलेल्या पिढीला टर्नची, म्हणजे भिंतीशी झटकन वळून पुढची फेरी धरण्याची, गरजच नव्हती. पलीकडच्या काठाला लागायचं, दम खायचा, सावकाश परतायचं. कोलांटी मारायची ती वरून उडी टाकताना. पाण्यात कोलांटी मारून भिंतीला पाय लावणं आलं ते टँकबरोबर.

जगातही ही कोलांटी फ्रीस्टाइलच्या आधी बॅकस्ट्रोकमध्ये गाजली. अमेरिकी प्रशिक्षक टेक्स रॉबर्टसन यांना तिचं श्रेय देतात. त्यांचा शिष्य अ‍ॅडॉल्फ कीफर याने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये १०० मीटर बॅकस्ट्रोकचं सुवर्ण जिंकलं. फ्रीस्टाइलमध्ये मात्र भिंतीला आधी हात लावणं बरीच वर्षं सक्तीचं होतं. ती अट गेल्यावर नुसते पाय टेकले तरी भागू लागलं आणि आजचा वेगवान टर्न रुळला.

मोजणीचा घोळ इथूनच सुरू होतो. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये भिंतीवर टचपॅड होते. पॅड पाय लागल्याची वेळ टिपतो, म्हणजे टर्नच्या बरोबर मध्यावर. कोलांटी आधीच्या लॅपच्या खात्यात जाते, पुश (पायांनी भिंतीला दिलेला रेटा) आणि ग्लाइड (मग हातपाय न हलवता पाण्यात सरकणं) पुढच्या. त्यामुळे नुसत्या स्प्लिटवरून, म्हणजे एकेका लॅपच्या वेळेवरून, टर्न चांगला की वाईट, हे कळत नाही.

म्हणून अभ्यासक टर्नचा वेगळा तुकडा पाडू लागले. कुणी भिंतीच्या दोन्ही बाजूंचे ५ मीटर धरले, कुणी साडेसात. येताना ५ आणि जाताना १० मीटर ही पद्धतही बरीच वापरली जाते. माझ्या मते तीच बरी, कारण पुश जमला की नाही हे बाहेर पडतानाच उघड होतं. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियात ब्लँक्सबी, लिटल आणि सहकाऱ्यांनी भिंतीत फोर्स प्लेट बसवून पायांचा जोर मोजला. ग्लाइडवरच्या प्रयोगांतून त्यांनी वेग सेकंदाला १.९ ते २.२ मीटरवर उतरला की किक सुरू करावी, असं सुचवलं. त्याआधी मारलेली किक उलट वेग खाते. १९९८ पासून फ्रीस्टाइलमध्ये भिंतीपासून १५ मीटरच्या आत डोकं वर काढावंच लागतं.

हिशेब साधा आहे. ५० मीटरच्या तलावात १५०० मीटरला २९ टर्न. प्रत्येकी ०.१ सेकंद वाचलं, तर २.९ सेकंद. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत कांस्य मिळवलं ते ५० मीटर बटरफ्लायमध्ये, जिथं टर्नच नसतो. २००८ ला बीजिंगमध्ये तो २०० मीटर फ्रीस्टाइलही पोहला होता, तिथं तीन.

फोर्स प्लेट नसली तरी आपल्या टँकवर निम्मं काम होतं. स्पर्धेच्या लेनदोरीचा रंग भिंतीपासून ५ मीटरवर बदलतो. त्या खुणेच्या अगदी समोर मोबाइल स्टँडवर लावायचा, हातात धरायचा नाही, आणि येताना नि जाताना डोकं कुठल्या फ्रेममध्ये खूण ओलांडतं ते पाहायचं. सेकंदाला ६० फ्रेमचा व्हिडिओ असेल, तर एक फ्रेम म्हणजे ०.०१७ सेकंद. स्टॉपवॉच दाबणाऱ्या अंगठ्याची चूक याच्या कितीतरी पट असते.