ऐकू येतं, पण कळत नाही

“आजी, गोळी सातला घ्यायची!” मी मोठ्यानं सांगते. आजी मान डोलावते आणि विचारते, “आठला ना?” तिचं लक्ष नसतं, असं घरात सगळ्यांना वाटायचं. मलाही वाटायचं. चूक आमची होती.

गळ्यावर दोन बोटं ठेवा आणि लांब ‘आ’ म्हणा. बोटांना थरथर जाणवेल. ते स्वरतंतू. बोलताना पुरुषांचे स्वरतंतू सेकंदाला साधारण १०० ते १५० वेळा कंप पावतात, बायकांचे १८० ते २५० वेळा, लहान मुलांचे ३०० च्या आसपास. पुरुष गायक काळी एक या पट्टीत लावतात तो षड्ज (सा) साधारण १३९ हर्ट्झचा (सेकंदाला १३९ कंप), म्हणजे पुष्कळ पुरुष त्याच्याच आगेमागे बोलत असतात. या मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे वरचे सूरही सोबत निघतात. त्यातले कोणते उठून दिसायचे, ते तोंडाच्या पोकळीचा आकार ठरवतो. एकाच सुरात ‘ई’ आणि ‘ऊ’ म्हणून बघा. गळा तोच, पण ‘ई’ला २००० हर्ट्झच्या वरचा एक पट्टा उजळतो, ‘ऊ’ला ओठ गोल झाले की सगळा जोर १००० च्या खाली राहतो.

आता ‘स्स्स’ म्हणा. थरथर थांबली! इथे स्वरतंतू गप्प असतात. हवेची बारीक धार दातांवर घासते आणि तिचा आवाज मुख्यतः ४००० हर्ट्झच्या वर असतो.

जुनी टेलिफोन लाइन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच पलीकडे पोचवते. म्हणजे १२० हर्ट्झवर बोलणाऱ्या बाबांचा मूळ सूर त्यात येतच नाही. तरी आवाज बाबांचाच वाटतो, कारण ३६०, ४८०, ६०० हे सूर पोचतात आणि त्यांच्यातल्या १२०च्या अंतरावरून मेंदू हरवलेला सूर भरून काढतो. मला हे फार विलक्षण वाटतं. पण कापला गेलेला ‘स’ असा भरून काढता येत नाही. म्हणून तर फोनवर नाव सांगताना ‘स, सशातला’ म्हणावं लागतं.

वय वाढतं तसा कान आधी हेच वरचे सूर सोडतो. ‘सात’मधला ‘स’ गेला, ‘त’ पुसट झाला, की उरतो ‘आ’. ‘आठ’मध्येही तोच ‘आ’. आजी म्हणते तेच खरं: “ऐकू येतं गं, कळत नाही.” ओरडल्यानं ‘आ’ आणखी मोठा होतो, ‘स’ त्या मानानं फारसा वाढत नाही. चांगलं श्रवणयंत्र तपासणीत जे सूर कमी ऐकू आले तेच जास्त वाढवतं, ते म्हणूनच.

आजीची कानाची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. तोवर मी तिच्यासमोर बसते, ओठ दिसतील अशी, आणि आकडा सांगतच नाही. ‘दिवेलागणीची गोळी’ म्हणते. त्यातले इ, ए, आ, ई हे स्वर तिच्या कानाच्या आवाक्यातले.