पत्त्यांची जादू

खेळण्याच्या पत्त्यांच्या साहाय्याने, हातचलाखी, गणिती मांडणी आणि प्रेक्षकाच्या लक्षावरील ताबा या तीन साधनांच्या जोरावर अशक्य वाटणारे प्रसंग घडवून दाखवण्याच्या कलेला पत्त्यांची जादू म्हणतात. प्रेक्षकाने मनात धरलेला पत्ता ओळखणे, गठ्ठ्यात मिसळलेला पत्ता वर आणणे, एका पत्त्याचा दुसरा करणे, नाहीसा झालेला पत्ता भलत्याच ठिकाणी काढून दाखवणे हे तिचे ठरलेले प्रकार होत. रंगमंचावरील मोठ्या जादूला पेट्या, पडदे, साहाय्यक आणि प्रकाशयोजना लागते. या जादूला ५२ पत्त्यांचा एक कॅट आणि समोर चार माणसे पुरतात, म्हणूनच ती घरच्या घरी शिकता येते. सामग्री थोडी म्हणून ती सोपी आहे असे मात्र नाही. प्रेक्षक हातभर अंतरावर बसलेला असतो, पत्ता त्याच्या रोजच्या ओळखीचा असतो आणि जादूगाराला आडोसा कसलाच नसतो.

गोव्यात पत्ते हा घरोघरचा खेळ आहे. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, दिवसांत आरत्या आणि जेवणे आटोपल्यावर ओसरीवर किंवा राजांगणात (घराच्या मधल्या चौकात) डाव मांडले जातात आणि ते रात्री उशिरापर्यंत रंगतात. डाव मोडला की घरातला एखादा जाणता तोच कॅट हातात घेऊन मुलांना ‘एक पत्ता उचल, मला दाखवू नको’ असे म्हणतो. गोमंतकातील अनेकांची या कलेशी पहिली ओळख अशीच झालेली असते.

या प्रदेशाला पत्त्यांचा वारसा दोन दिशांनी मिळाला आहे. उत्तरेला लागून असलेल्या सावंतवाडीत हाताने रंगवलेल्या गोल गंजिफांची परंपरा आहे. तिथल्या दशावतारी गंजिफेत दहा अवतारांच्या नावे प्रत्येकी १२, असे १२० पत्ते असतात. समुद्राच्या बाजूने, १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर युरोपीय पत्ते आशियात पसरले. जपानमधील कारुता पत्ते याच संपर्कातून निर्माण झाले. पोर्तुगीजांच्या त्या काळच्या पत्त्यांवर पेले, नाणी, तलवारी आणि सोटे असत. इस्पिक, बदाम, चौकट आणि किलवर ही आज रूढ असलेली चिन्हे मूळची फ्रान्समधली. आजचे हस्तकौशल्य उभे आहे ते याच पातळ, लवचिक, आयताकृती पत्त्यांवर. रोगण चढवलेली जाड गंजिफा देखणी खरी, पण ती बोटांतून झरझर सोडता येत नाही.

पत्त्यांच्या जादूचे लेखी उल्लेख युरोपात सोळाव्या शतकापासून सापडतात. इंग्लंडमध्ये रेजिनाल्ड स्कॉट यांनी १५८४ मध्ये चेटकिणींविषयीच्या भ्रमांचे खंडन करणारा ग्रंथ लिहिला आणि त्यात पत्त्यांच्या व इतर हातचलाखीच्या युक्त्या उघड करून दाखवल्या. या कलेवरील आरंभीचे एक महत्त्वाचे लेखन अंधश्रद्धेविरुद्धच्या लढ्यातून आले, ही गोष्ट आवर्जून नोंदवावी अशी आहे. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नाच्या योहान नेपोमुक होफ्त्सिन्सर (१८०६–१८७५) यांनी पत्त्यांच्या प्रयोगांना दिवाणखान्यातील काव्यमय सादरीकरणाचे रूप दिले. १९०२ मध्ये शिकागोत एस. डब्ल्यू. अर्डनेस या टोपणनावाने प्रसिद्ध झालेले पत्त्यांच्या हाताळणीवरील पुस्तक आजही अभ्यासले जाते. त्याचा लेखक नेमका कोण, हा वाद मिटलेला नाही. विसाव्या शतकात सर्वाधिक प्रभाव पडला तो डाय व्हर्नन (१८९४–१९९२) यांचा. १९२२ मध्ये शिकागो येथे त्यांनी ख्यातनाम जादूगार हॅरी हुदिनी यांना, वरून दुसरा म्हणून ठेवलेला पत्ता पुन्हा पुन्हा सर्वांत वर येत असल्याचे दाखवले आणि वारंवार पाहूनही हुदिनींना त्याचा उलगडा झाला नाही.

शिकणाऱ्याने आधी पत्त्यांची निवड नीट करावी. जादूगार बहुधा सुमारे ६३ मिमी रुंदीचे पत्ते वापरतात, पण लहान मुलांच्या हाताला सुमारे ५७ मिमी रुंदीचे पत्ते अधिक मानवतात. गोव्यात कागदी पत्त्यांचा मोठा शत्रू म्हणजे दमट हवा, आणि चवथ तर पावसाळ्यातच येते. ओलावा शोषून पत्ते किंचित फुगतात, बाक धरतात, एकमेकांना चिकटतात. पंख्यासारखे पसरायला जावे तर त्यांचे पुंजके पडतात. त्यामुळे कॅट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणे, हात कोरडे करून मगच त्याला स्पर्श करणे आणि सरावाचा कॅट प्रयोगाच्या कॅटपासून वेगळा ठेवणे हे येथे पथ्य म्हणून पाळावे लागते. प्लास्टिकचे पत्ते ओलाव्याला दाद देत नाहीत, पण ते फार निसटतात. ज्याची बोटे अजून बसलेली नाहीत त्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

पहिला धडा पिसण्याचा. गठ्ठा एका हातात धरून त्याच्या वरचे लहान लहान भाग दुसऱ्या हातात ओढून घेत एकावर एक टाकण्याची जी रीत आपल्याकडे पोरासोरांनाही येते, ती जगभरच्या जादूगारांत ‘हिंदू शफल’ या नावाने ओळखली जाते. तिच्यात तळाचा पत्ता अगदी शेवटपर्यंत आपल्या जागेवर राहतो. एवढी साधी गोष्ट ध्यानात आली की पुष्कळ प्रयोगांचे मर्म कळू लागते. त्यानंतर खुणेच्या पत्त्याचे तत्त्व शिकवतात. समजा, तळाशी चौकटची सत्ती आहे आणि ती जादूगाराने सहज पाहून ठेवली आहे. प्रेक्षक एक पत्ता ओढतो, लक्षात ठेवतो आणि काटलेल्या गठ्ठ्याच्या वरच्या अर्ध्या भागावर ठेवतो. मूळचा खालचा भाग त्यावर ठेवला की चौकटची सत्ती निवडलेल्या पत्त्याच्या नेमकी डोक्यावर येऊन बसते. मग गठ्ठा दोन-तीनदा काटला तरी ही जोडी सहसा फुटत नाही. आता पत्ते वरून एकेक करून उताणे टाकत गेले, की सत्तीनंतर येणारा पत्ता प्रेक्षकाचा.

युक्ती इथे संपते, जादू मात्र अजून सुरूही झालेली नसते. शिकाऊ माणूस पत्ता दिसताक्षणी थांबतो आणि ‘हाच ना?’ असे विचारून मोकळा होतो. कसलेला जादूगार तो पत्ता पाहूनही न पाहिल्यासारखा पुढे जातो, आणखी चार पत्ते टाकतो, पाचवा नुसता हातात धरतो आणि ‘यापुढे मी जो पत्ता उलटा करीन तो तुमचाच असेल’ असे ठासून सांगतो. आपला पत्ता मागे पडला हे प्रेक्षकाला ठाऊक असते; तो गालातल्या गालात हसतो, शेजाऱ्याला कोपरखळी मारतो. तेवढ्यात जादूगार हातातला पत्ता बाजूला ठेवतो आणि टाकलेल्या पत्त्यांतला नेमका तोच पत्ता पालथा घालतो. एकाच युक्तीतून असे दोन परिणाम साधतात, आणि दुसऱ्याचे श्रेय सर्वस्वी सादरीकरणाचे असते.

गणिती प्रयोगांत २१ पत्त्यांचा प्रयोग सर्वांत परिचित आहे. पत्ते एकेक करून सात-सातच्या तीन ओळींत मांडायचे, मनातला पत्ता कोणत्या ओळीत आहे तेवढे विचारायचे, ती ओळ उरलेल्या दोहोंच्या मधे घालून पत्ते गोळा करायचे, आणि असे तीनदा करायचे. पहिल्या वेळी तो पत्ता आठवा ते चौदावा या जागांत येतो, दुसऱ्या वेळी दहावा ते बारावा या जागांत, आणि तिसऱ्या वेळी हमखास अकरावा. दोष एवढाच की मांडणी तीनदा होते आणि प्रेक्षक कंटाळतो. तेवढा वेळ बोलण्याने भरून काढता आला तरच हा प्रयोग करावा. याहून सखोल गणितही पत्त्यांत आहे. गठ्ठ्याचे बरोबर दोन भाग करून, वरचा व तळाचा पत्ता जागेवर ठेवत, ते एकाआड एक अचूक गुंफले तर अशा ८ पिसण्यांनंतर ५२ पत्ते मूळ क्रमाने परत येतात. उलट, सर्वसाधारण माणसाच्या ओबडधोबड गुंफणीने पत्ते पुरेसे मिसळण्यास सुमारे ७ वेळा पिसावे लागते, हे पर्सी डायकोनिस आणि डेव्ह बायर या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवले. डायकोनिस यांनी कोवळ्या वयात घर सोडून व्हर्नन यांच्याबरोबर जादूचे दौरे केले होते. गणिताकडे ते पुढे वळले.

यापुढची पायरी निव्वळ हातांची. दोन पत्ते एकच असल्यासारखे उचलणे, ठरवलेलाच पत्ता प्रेक्षकाच्या गळी उतरवणे, करंगळीने गठ्ठ्यात न दिसणारी फट राखणे, पत्ता तळहातात दडवणे या क्रियांना महिनोन् महिने सराव लागतो. त्यांचे तपशील जाहीरपणे उलगडू नयेत असा संकेत आहे आणि तो येथेही पाळला आहे. सराव आरशासमोर करतात, पण आरशासमोर शिकणाऱ्याची नजर सतत स्वतःच्या हातांवर राहते आणि ती खोड प्रयोगात घातक ठरते. शिवाय अवघड क्षणी पापण्या मिटण्याची सवय जडते, आणि ती आरशात दिसत नाही. मोबाइलवर चित्रीकरण करून पाहिले तर हे दोष लगेच उघडे पडतात.

प्रेक्षकाचे लक्ष हा या कलेचा गाभा आहे. जादूगार जिकडे पाहतो तिकडे लोक पाहतात. त्याने मान वर करून प्रश्न विचारला की नजरा हातांवरून चेहऱ्याकडे वळतात, आणि प्रयोग संपला असे वाटून माणसे सैलावतात तेव्हा त्यांची सावधगिरी सर्वांत कमी असते. गोव्याच्या संदर्भात येथे बार्देशातील कांदोळीचे सुपुत्र आबे फारिया (१७५६–१८१९) यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. पॅरिसमध्ये १८१३ पासून संमोहनाचे जाहीर प्रयोग करताना, कोणताही चुंबकीय प्रवाह संमोहकाकडून वाहत नसून जे घडते ते त्या व्यक्तीच्या स्वतःच्या मनात आणि सूचनेच्या बळावर घडते, असे त्यांनी प्रतिपादन केले. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी १९४५ मध्ये उभारलेला त्यांचा पुतळा सुपरिचित आहे. फारिया हे पत्त्यांचे जादूगार नव्हते. तरीही ‘तुम्ही पत्ते स्वतः पिसले होते’ एवढ्या एका वाक्याने प्रेक्षकाच्या स्मरणात फेरफार करणारा जादूगार सूचनेच्या त्याच सामर्थ्यावर विसंबून असतो.

पत्त्यांच्या हातचलाखीची एक कडा जुगाराला भिडते. गोव्यात जुगारावर १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्याने निर्बंध आहेत आणि त्यात १९९० च्या दशकात झालेल्या दुरुस्त्यांनी पंचतारांकित हॉटेले व मांडवी नदीतील जहाजे यांना कॅसिनोची वाट मोकळी झाली. अर्डनेसच्या पुस्तकातील बराच भाग लबाड जुगाऱ्यांच्याच क्रियांचा आहे, पण जादूगार फसवणूक होणार हे आधी सांगून फसवतो आणि प्रेक्षकाचा एक पैसाही घेत नाही. प्रामाणिक जादूगार पैसे लावलेल्या डावात बसत नाहीत, आणि बसूही नये.

सादरीकरणात जागेचा विचार आधी येतो. चटईवर गोल करून बसलेल्या मंडळींत मागूनही हात दिसतो, म्हणून पाठ भिंतीला लावून बसावे आणि तळहातात पत्ता दडवण्याचे प्रयोग टाळावेत. पणजीची कला अकादमी किंवा मडगावचे रवींद्र भवन यांसारख्या मोठ्या सभागृहांत मागच्या रांगेला पत्ता दिसतच नाही. तेथे मोठ्या आकाराचे पत्ते किंवा कॅमेरा व पडदा यांची जोड द्यावी लागते. भाषेचाही विचार हवा. उत्सवाच्या रंगमंचावर मराठी निवेदन गोमंतकीय प्रेक्षकाला परिचयाचे आहे, पण एखाद्या आजीला पत्ता उचलायला सांगताना कोकणीत बोलले की ती मोकळी होते. आलेल्या प्रेक्षकाला ‘काका’, ‘वहिनी’ असे आदराने संबोधावे आणि त्याची फजिती करून हशा मिळवू नये. सर्वसाधारणपणे तीन ते चार प्रयोग पुरेसे होतात: सुरुवातीला झटपट होणारा, मधे प्रेक्षकाला सहभागी करणारा आणि शेवटी सर्वांत ठसठशीत. आग्रह झाला तरी तोच प्रयोग लगेच पुन्हा करू नये, कारण दुसऱ्या वेळी प्रेक्षकाला शेवट ठाऊक असतो आणि तो नेमका वाटेवर नजर ठेवतो; व्हर्नन यांच्या प्रयोगासारखे पुनरावृत्तीवरच रचलेले प्रयोग तेवढे याला अपवाद. पत्ता चुकलाच तर मान्य करून हसतमुखाने दुसरा प्रयोग सुरू करावा किंवा चुकलेला पत्ता प्रेक्षकाच्या हातात ठेवून खरा पत्ता शोधण्याची आधी ठरवलेली दुसरी वाट धरावी. प्रयोग कसा होणार हे आगाऊ जाहीर केलेले नसेल, तर ही दुसरी वाट मूळचीच वाटते.